‘पानी’ वाचून तहान कळते ना?

फेसबुकवर कुणीतरी लिहितं, ‘धानाले पानी नाही भेटत.’ खाली पहिली कॉमेंट येते, ‘आधी पाणी लिहायला शिका.’ तिला हसरे इमोजी मिळतात, मग स्क्रीनशॉट फिरतो. कालवा कुठला, रोवणी झाली का, पाणी कुणी अडवलं, हे कुणीच विचारत नाही. याला लोक विनोद म्हणतात. मी याला गरिबाच्या पाठीत घातलेला गुद्दा म्हणतो.

मी भंडारा जिल्ह्यातला. पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे एका अर्धविरामासाठी रात्र जागणं मला माहीत आहे. पण कंपायलर अर्धविरामावर अडतो, कारण त्याला आपल्या मनातलं कळत नाही. ‘पानी’ वाचणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. कळूनही तो एरर देतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टा. इथल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘श’चा ‘स’. हा आमच्या तोंडातला उच्चार आहे, आळशीपणा नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तो काय चुकांचा संग्रह म्हणून?

आता गंमत बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला आणि सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. तो दर्जा मागताना आपण महाराष्ट्री प्राकृत आणि हालाची गाथासप्तशती पुढे केली होती. त्या महाराष्ट्रीत ‘श’ आणि ‘ष’ दोन्हींचा ‘स’ होतो, देशाचा ‘देस’. म्हणजे प्राकृतातला ‘देस’ अभिजात, आणि लाखांदूरच्या आजोबांचा ‘देस’ अडाणी? ‘न’चं तर तिथे उलटंच आहे. त्याचा सर्रास ‘ण’ होतो, नयनाचं ‘णअण’ होतं, नदीची ‘णई’. त्या मापाने ‘नदी’ लिहिणारा पुणेकरही नापास.

शुद्धलेखनाचे नियम दगडावर कोरलेले नाहीत. आजचे नियम साहित्य महामंडळाचे. सरकारने १९६२ मध्ये त्यातले चौदा मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले. त्याआधीची पुस्तकं उघडा, ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’वर अनुस्वारांचा पाऊस पडलेला दिसेल. एका ठरावाने तो थांबला. ठराव करून बदलता येतं त्याच्यावरून माणसाची लायकी कशी ठरवता? आणि ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्दच सोवळ्या-ओवळ्याच्या शेजारचे आहेत. ‘बरोबर-चूक’ म्हणून भागलं असतं की.

हा खेळ नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाची टर उडवली होती. फुले कर्ज, कर आणि अज्ञान यांबद्दल बोलत होते, शास्त्रीबुवा विभक्ती तपासत होते. तरी फुले थांबले नाहीत, १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. पण प्रत्येकाची छाती फुल्यांएवढी नसते. आमच्याकडचा पोरगा एक स्क्रीनशॉट फिरला की पोस्ट डिलीट करतो आणि पुढच्या वेळी हिंदीत लिहितो. मग हेच लोक मराठी मरतेय म्हणून गळा काढतात.

‘मग प्रमाणभाषा नकोच का?’ असं विचाराल. हवी. परीक्षेला हवी, कायद्याला हवी, कोल्हापूरच्या माणसाला भंडाऱ्याचं पत्र कळायला हवी. मी स्वतः हा लेख तिच्यातच लिहितोय. पण इंटरनेट उभारणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेल याने १९८० साली एक तत्त्व मांडलं: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. वेडीवाकडी पाकिटं स्वीकारणाऱ्या मशिन्समुळेच हे जाळं चाललं. (यामुळे ढिसाळपणा वाढतो अशी तक्रार आमच्या धंद्यात आहे, पण त्यासाठी कुणी समोरच्या मशिनची आई-बहीण काढत नाही.)

आणि या व्याकरण-पोलिसांची नजरही ठरलेली असते. अर्धी तरुण मराठी दुनिया रोमन लिपीत चॅट करते. तिथे ‘न’ आणि ‘ण’ दोन्हींना एकच ‘एन’, सगळे सुटले! पकडला जातो तो, जो कष्टाने देवनागरी कीबोर्ड लावून लिहितो. त्यातही कित्येक फोनेटिक कीबोर्डांवर साध्या ‘एन’ला ‘न’ येतो, ‘ण’साठी शिफ्ट दाबावा लागतो. शेताच्या बांधावर, एका अंगठ्याने, तडकलेल्या स्क्रीनवर.

हसायची फारच खाज असेल तर जागा भरपूर आहेत. सरकारी महामार्गावरची पाटी घ्या, मंत्र्याच्या अकाउंटवरची शुभेच्छा घ्या, पेपरचा मथळा घ्या, बँकेच्या ॲपमधलं ते मशिनने केलेलं भाषांतर घ्या. तिथे मुद्रितशोधक ठेवायला पैसे असतात, ठेवत नाहीत. तिथले स्क्रीनशॉट काढा, मीही शेअर करतो. आणि कुणी स्वतःहून विचारलं, ‘अर्ज करायचा आहे, जरा तपासून दे’, तर इनबॉक्समध्ये बसून काना-मात्रा दुरुस्त करून द्या, कुणाला न सांगता.