नगरच्या हवेत कोणाचे गाणे?

१/ तारकपूर बसस्थानकाजवळच्या एका टपरीवर रेडिओ चालू होता. निवेदन मराठीत, गाणे मात्र हिंदी. समोरून जामखेडची एसटी सुटत होती. तेच जामखेड, जिथली लावणीची कलाकेंद्रे राज्यभर ठाऊक आहेत. मी विचारले, "काका, मराठी गाणी का लागत नाहीत हो?" ते म्हणाले, "पब्लिकला हेच पाहिजे." #थ्रेड

२/ हे उत्तर आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा विधानापुढे एकच प्रश्न सुचतो: पुरावा कोणता? श्रोत्याला काय हवे, हे कोणी आणि कुठे विचारले? माझे मत प्रारंभीच सांगतो. नगरच्या श्रोत्याची आवड आजवर गृहीत धरली गेली, मोजली गेली नाही.

३/ आधी १९५२ कडे जाऊ. त्या वर्षी पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, चित्रपटगीते त्यांना हिणकस वाटत. आकाशवाणीने या गीतांवर मर्यादा घातल्या, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ अदृश्य झाली.

४/ श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी फक्त रेडिओची खुंटी फिरवली. लघुलहरींवर रेडिओ सिलोन लागत असे. ३ डिसेंबर १९५२ पासून तिथे अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. जे गाणे दिल्लीला नको होते, ते कोलंबोहून भारतभर ऐकू येऊ लागले.

५/ अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. फर्माइशींची पत्रे येऊ लागली. झुमरी तिलैया हे गाव तर केवळ पत्रांमुळे देशाला ठाऊक झाले. मराठीत 'आपली आवड' होतीच. या पत्रांत श्रोत्याचे नाव असे, गाव असे. मोजणीची ती ओबडधोबड, पण खरी पद्धत होती.

६/ केसकरांची ही कथा सहसा इथेच संपवली जाते. पण त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तिथून 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले. वर्षभर, आठवड्याला एक नवे गीत, एकूण ५६. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे.

७/ हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले होते, हे ध्यानात घ्यावे. बंदीने श्रोता सिलोनकडे गेला. नव्या निर्मितीने तो पुणे केंद्राकडे आला. मनाई करून आवड बदलत नाही, पण उत्तम काही घडवले तर लोक त्यासाठी वेळ राखून ठेवतात. मला या दशकाचा खरा धडा हा वाटतो.

८/ तथापि शासकीय कान निवडक होता, हेही मान्य करावे लागेल. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता. भजन, कीर्तन, तमाशा या साऱ्यांचा आधार असलेली पेटी नभोवाणीच्या दाराबाहेर उभी राहिली! लोकमान्य ते राजमान्य असतेच असे नाही, ते असे.

९/ आता नगर जिल्ह्याकडे पाहू. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात. फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेले शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. पठ्ठे बापूरावांच्या जोडीने तमाशाचा फड गाजवणाऱ्या पवळाबाई त्याच तालुक्यातील हिवरगावच्या. अकोले तालुक्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजांची गाणी अजून गायली जातात.

१०/ एवढे भांडार असलेल्या जिल्ह्यात हे संगीत लोकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः जत्रेतून, फडातून आणि पुढे कॅसेटमधून. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी गेला तो तबकड्या आणि कॅसेटींच्या जोरावर. म्हणजे श्रोता होता आणि पैसे मोजणारा होता.

११/ १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. जुलै २००१ मध्ये बंगळुरूत देशातील पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. २००५ च्या धोरणानंतर मध्यम शहरांचा क्रम लागला आणि आमच्या नगरात रेडिओ सिटीसह खासगी केंद्रे आली. एका शहरात एकाहून अधिक केंद्रे: स्पर्धा सुरू झाली.

१२/ स्पर्धेतून वैविध्य यावे ही अपेक्षा. प्रत्यक्षात एका केंद्रावरून दुसऱ्यावर जावे तर बहुधा तेच हिंदी चित्रपटगीत. कारण उघड आहे. मोठ्या जाहिराती मुंबईत ठरतात, गाण्यांचा साठा साऱ्या जाळ्यासाठी एकच असतो आणि ज्या लोकगायकामागे संगीत कंपनी नाही, त्याचे गाणे त्या साठ्यात शिरतच नाही.

१३/ शिवाय खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. त्यामुळे केंद्राची ओळख म्हणजे त्याचे संगीत, दुसरे फारसे काही नाही. २०११ च्या धोरणाने एकाच जाळ्याचा कार्यक्रम देशभर अनेक शहरांत वाजवण्याची मुभा विस्तारली. केंद्र नगरचे, पण गाणे कोणते लावायचे हा निर्णय नगरचाच असेल, याची हमी उरली नाही.

१४/ आणि श्रोत्यांची मोजणी? २००७ मध्ये 'रॅम' नावाची श्रोतृमापन पद्धत सुरू झाली. ती चालली मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांत. नगरचा श्रोता त्या तक्त्यात नव्हताच. झुमरी तिलैयाच्या पत्रलेखकाला जे स्थान होते, तेवढेही आमच्या टपरीवाल्या काकांना मिळाले नाही. मग 'पब्लिक' म्हणजे कोण?

१५/ एक आक्षेप रास्त आहे. नगर ही निजामशाहीची राजधानी, लष्करी छावणीचे शहर. दखनी आणि हिंदी इथे परक्या नाहीत. माझ्या पिढीला हिंदी गाणी मनापासून आवडतात, मलाही. म्हणून मी हिंदी हटवा असे म्हणत नाही. केसकरांची चूक भाषेच्या नावाने पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

१६/ हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये 'तेहानो' नावाचे सीमाभागातील संगीत आहे: स्पॅनिश शब्द, अकॉर्डियन आणि जर्मन-चेक वसाहतकऱ्यांकडून आलेला पोल्काचा ठेका. १९४६ मध्ये सॅन अँटोनिओत राउल कोर्टेझ यांनी स्पॅनिश भाषकांचे केसीओआर हे केंद्र काढले. अशा केंद्रांनी हे संगीत मोठे केले.

१७/ १९९० च्या दशकात तेहानोची लाट आली. ३१ मार्च १९९५ रोजी तिची सर्वांत लाडकी गायिका सेलेना हिचा खून झाला. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभर किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. मोठ्या जाळ्यांना सर्वत्र चालेल असे मेक्सिकन संगीत सोयीचे ठरले आणि अनेक तेहानो केंद्रांनी आपला बाज बदलला. श्रोते होते, पण हिशेबात कमी पडले.

१८/ आपल्याकडे अपवाद आहेत. 'स्नेहालय' संस्थेचे 'रेडिओ नगर' हे सामुदायिक केंद्र आहे, आकाशवाणीचे नगर केंद्र आहे. परंतु सामुदायिक केंद्राला प्रक्षेपणाची ताकद मिळते साधारण १०० वॅटची आणि जिल्हा आहे १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. शहरातला असा आवाज अकोल्याच्या डोंगरापर्यंत जाणार कसा?

१९/ हे आजच का लिहितो आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना, हे कारण त्यात दिले आहे. महाराष्ट्रातील लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, बार्शी, मालेगाव ही शहरे त्या यादीत आहेत.

२०/ नगरला जे घडले ते लातूरला पुन्हा घडू नये. त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. एक: लहान शहरांत श्रोतृमापन व्हावे आणि त्याचे आकडे खुले असावेत. 'लोकांना हेच हवे' असे म्हणणाऱ्याने तक्ता दाखवावा. तक्ता माझ्याविरुद्ध गेला तर मी माझे मत बदलीन.

२१/ दोन: मातृभाषेचे कारण देऊन परवाने द्यायचे असतील, तर त्या भागातील कलावंतांचे नवे ध्वनिमुद्रण, योग्य मानधनासह, ही परवान्याची अट असावी. मध्यरात्रीच्या कोपऱ्यात वाजवलेला एक पोवाडा ती अट पूर्ण करत नाही. तीन: आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांनी केलेली जुनी ध्वनिमुद्रणे अभ्यासकांना आणि श्रोत्यांना खुली करावीत.

२२/ या तिन्ही गोष्टी सरकार किंवा कंपन्यांनी करायच्या आहेत. चौथी आपण करू शकतो. घरातील आजीला, गावातील भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला, जुन्या फडातील ढोलकीवाल्याला बसवून विचारा, "तुम्ही रेडिओवर काय ऐकत होता? काय ऐकायला मिळाले नाही?" त्यांच्या परवानगीने मोबाइलवर नोंदवा. नाव, गाव, दिनांक अवश्य लिहा.

२३/ दिनांकाविना केलेली नोंद उद्याच्या अभ्यासकाच्या फारशी कामाची नसते. माझी पहिली नोंद त्या टपरीवरच्या काकांची आहे. मी त्यांना पुन्हा विचारले, "पब्लिकचं जाऊ द्या काका, तुम्हाला काय आवडतं?" ते थोडे हसले आणि म्हणाले, "हे कोणी विचारलंच नव्हतं." मग रेडिओचा आवाज बारीक करून त्यांनी पाठ असलेला एक गण म्हणून दाखवला.

तुमच्या जिल्ह्यात काय लागते, ते खाली लिहा. (समाप्त)