घोडा झकास, गुडघे खिळखिळे

मसल कार म्हटलं की पब्लिक आधी बॉनेट उघडायला धावतं. सिलिंडर किती? हॉर्सपॉवर किती? सायलेन्सर कसा गुरगुरतो? एवढ्या धुडाला पुढची चाकं जोडलीयत कशी, हे विचारणारा शंभरात एखादाच. पण बॉस, ग्यानबाची मेख तिथंच आहे!

‘बुलिट’ पाहिलाय? १९६८ चा सिनेमा. सॅन फ्रान्सिस्कोचे ते उभे चढ, हिरवी मस्टँग टेकाडावरून हवेत उडते, धाडकन आपटते आणि पुन्हा सुसाट. स्टीव्ह मॅक्वीनचा तो थंड चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहिला. शूटिंगच्या गाड्यांपैकी एक तर जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरला गेली, कमिशन वेगळं. पण शोरूममधून आणलेली मस्टँग अशी आपटली असती, तर चेस तिथंच संपला असता. शूटिंगच्या आधी या गाड्यांचं सस्पेन्शन मॅक्स बाल्चॉव्स्की या रेसिंगवाल्या अवलियानं भक्कम करून घेतलं होतं. पोस्टरवर त्याचं नाव नाही. सस्पेन्शनवाल्यांचं नशीबच असलं!

मुळात मस्टँगचे गुडघे असे नाजूक का? तिच्या जन्मपत्रिकेत पाहा. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डनं ती लोकांपुढे आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून. लांबलचक बॉनेट, आखूड शेपटी, आणि खरेदीदार बहुतेक तुमच्या-आमच्या वयाचे, पहिल्या नोकरीतले. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. पण वरचा झगमगाट बाजूला केला की आत होती फोर्ड फाल्कन. म्हणजे भाजी आणायची, पोरांना शाळेत सोडायची, असली साधी घरगुती गाडी. पुढचं सस्पेन्शन त्याच घराण्यातलं. बारक्या सहा सिलिंडरच्या इंजिनला ते ठीक होतं. त्यावर व्ही-एट बसवलं आणि घाटात काढलं की अब्रू गेली. (शुद्धतावादी मंडळी आता म्हणतील, मस्टँग मसल कार नव्हेच, ती पोनी कार. मान्य! पण व्ही-एटवाली घेऊन वळणावर जा, मग नावावरून भांडू.)

आता थोडं आत शिरू. घाबरू नका, गणित नाही.

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म असतात, एक वर, एक खाली. या मस्टँगमध्ये स्प्रिंग उभी असते वरच्या आर्मवर. तिचं डोकं घुसतं इंजिनच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पत्र्याच्या मनोऱ्यात. त्याला म्हणतात शॉक टॉवर. खड्डा आला की सगळा दणका याच पत्र्याला.

गाडी जोरात वळली की बाहेरच्या बाजूला कलते, एसटीत उभं असताना आपण कलतो तशी. बाहेरचं चाक दबतं आणि गाडीबरोबर तेही बाहेर झुकायला बघतं. मग टायर रस्त्यावर सपाट बसत नाही, नुसत्या कडेवर उभा राहतो. तुमच्या जुन्या चपला उलट्या करून बघा. एकाच कडेला झिजल्यात ना? तसंच. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. चांगलं सस्पेन्शन काय करतं? चाक दबलं की त्याचा माथा हळूच आत खेचतं, म्हणजे गाडी कलली तरी टायर सपाट राहतो.

मस्टँगमध्ये नेमका उलटा कारभार. वरच्या आर्मचं आतलं टोक उंच आणि बाहेरचं खाली, अशी ती तिरपी असते. चाक वर आलं की आर्म आधी आडवी होऊ पाहते आणि आडवी होताना चाकाचा माथा बाहेर ढकलते. जिथं पकड हवी, तिथंच पकड सुटते. टायर किंचाळतात, गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते आणि ड्रायव्हर स्टिअरिंग गरागरा फिरवत बसतो. तेही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार-पाच फेऱ्या!

यावरचा उतारा फोर्डच्याच क्लाऊस आर्निंग या इंजिनीअरनं काढला. वरच्या आर्मचं आतलं टोक फक्त एक इंच खाली आणायचं. बास! तिरकेपणा गेला की चाक वर येताना माथा आत खेचला जातो. नवा पार्ट लागत नाही. टॉवरमध्ये जुन्या भोकांच्या खाली नवी भोकं पाडायची, प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे एकूण चार. तीच आर्म, तेच बोल्ट.

कॅरल शेल्बीनं १९६५ च्या जीटी-३५० मध्ये हेच केलं. जोडीला एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, कोनीचे शॉक अॅब्सॉर्बर आणि टॉवर आवळून धरणारे आडवे बार. ही गाडी घडवताना ट्रॅकवर पिळून काढणारा केन माइल्स म्हणजे २०१९ च्या ‘फोर्ड व्ही फेरारी’त ख्रिश्चन बेलनं केलेला तोच तिरसट माणूस. १९६५, ६६ आणि ६७, सलग तीन वर्षं जीटी-३५० नं अमेरिकेत आपल्या वर्गातली एससीसीए चॅम्पियनशिप खिशात घातली. आणि गंमत म्हणजे १९६६ च्या मॉडेलमध्ये सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर हा एक इंच गायब झाला. का? खर्च वाचवायला! चार भोकांचा खर्च. कंपनी कुठलीही असो, कॉस्ट कटिंगवाल्यांची नजर तीच.

हे सगळं आठवायचं कारण माझा एक मित्र. मूळचा डोंबिवलीचा, आता सॅन होजेत सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं गेल्या वर्षी १९६६ ची मस्टँग घेतली. २८९ चं व्ही-एट, रंग उडालेला, कागदपत्रं ठाकठीक. रविवारी सकाळी स्कायलाइन बुलेव्हार्डच्या वळणांवर न्यायची, हे स्वप्न. पहिल्याच फेरीत साहेब घामाघूम. लगेच मला फोन.

“अरे, पुढचं सगळं कापून टाकतोय! मस्टँग टूचं किट बसवतो. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग, कॉइलओव्हर, फुल टू मॉडर्न. काही हजार डॉलर जातील, जाऊ देत.”

“कापतोयस काय?”

“टॉवर. इंजिनला जागा पण मोकळी होते.”

इथं मी त्याला थांबवलं. ‘मस्टँग टू’ म्हणजे १९७४ ते ७८ मधली छोटी मस्टँग. तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर, म्हणून अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी ते कुठल्याही जुन्या गाडीखाली बसवायचा सपाटा लावला. वेगळी चासी असलेल्या गाडीखाली ते ठीक. पण १९६६ च्या मस्टँगला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. वजन पेलायला टॉवरच आहेत. ते कापले की सगळा भार खालच्या पट्ट्यांवर येतो, ज्या मुळात त्या कामासाठी घडवल्याच नव्हत्या. वेल्डिंग कच्चं राहिलं तर १०० च्या स्पीडला काय होईल, याची कल्पनाही नको. शिवाय एकदा कापलं की कापलं. उद्या गाडी विकायला काढलीत आणि घेणाऱ्यानं बॉनेट उघडून टॉवर शोधले, तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. मोठं इंजिन मावतच नसेल तर गोष्ट वेगळी. पण घाटात मजा हवी म्हणून टॉवर कापणं मला तरी पटत नाही.

त्यातून त्यानं गाडीखाली वाकून पाहिलंच नव्हतं! पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचे रबरी बुश म्हणजे सुकलेली चिंच. मी त्याला फोटो पाठवायला सांगितलं. बॉल जॉइंट हलत होते, खालच्या आर्मला पुढून धरणाऱ्या रॉडचे रबर पार चेंदलेले. अशा गाडीला अपग्रेड नंतर, आधी औषधपाणी हवं. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, सगळं नवं घाला. जुन्या मस्टँगचे पार्ट अमेरिकेत आजही कॅटलॉगमधून घरपोच मिळतात. आपल्याकडे काँटेसावाले एका काचेसाठी शहरं पालथी घालतात, त्यांनी हे वाक्य वाचू नये.

सगळं उघडलंच आहे, तर आर्निंगची भोकं तेव्हाच पाडा. त्यासाठी तयार टेम्प्लेट काही डॉलरमध्ये मिळतं. जुन्या भोकांवर बसवायचं, खूण करायची, ड्रिल मारायचं. नवं भोक एक इंच खाली आणि किंचित मागे येतं. मात्र टेम्प्लेट तुमच्याच सालाचं घ्या. १९६७ पासून गाडी रुंद झाली, तिचा नकाशा वेगळा. आणि एक इंचानं फरक पडला म्हणून दोन इंच नको! त्याहून खाली गेलं की बॉल जॉइंट अडकायला लागतो, मग वेगळी पाचर लावा, वेगळे पार्ट आणा, असा पसारा वाढत जातो.

स्प्रिंगही बदलायची असेल तर एक इंच दबायला ६२० पौंड लागणारी, उंचीला थोडी कमी अशी स्प्रिंग या मंडळींत भलतीच लाडकी आहे. जोडीला जाड अँटी-रोल बार आणि बरे शॉक अॅब्सॉर्बर. झालं! स्प्रिंग ज्या बैठकीवर डुलते तिच्यातही रबर असतं. त्याऐवजी बेअरिंगवाली बैठक घातली तर सस्पेन्शन मोकळं चालतं. पैसे उरले तर घाला, नाहीतर पुढच्या बोनसला.

आता जरा गंभीर. ही स्प्रिंग काढणं हा विकएंडचा टाइमपास नाही. गाडी जॅकवर असतानाही ती टॉवरमध्ये चेपून बसलेली असते, आणि निसटली तर हात, जबडा, डोकं, काहीही फोडू शकते. इतर गाड्यांना बाहेरून लावायचे कॉम्प्रेसर इथं चालत नाहीत. टॉवरच्या वरून आत जाणारा, याच गाड्यांसाठीचा कॉम्प्रेसर लागतो. मित्राला मी स्पष्ट बजावलं, बाकी सगळं तू कर, स्प्रिंग मात्र जाणकाराकडून काढून घे. तो जरा खट्टू झाला. होऊ दे.

टॉवर वर्षानुवर्षं दणके खाऊन आत झुकतात. त्यांना मागच्या पत्र्याशी बांधणारी एकसंध पट्टी मिळते, नाव एक्स्पोर्ट ब्रेस. परदेशी पाठवायच्या गाड्यांना फोर्ड ती लावत असे, कारण तिकडचे रस्ते वाईट! (कुठले ते मी बोलत नाही.) दुसरा बार दोन टॉवरच्या मध्ये आडवा बसतो, मॉन्टे कार्लो बार. ते नाव आलं रॅलीवरून. १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत मस्टँगची घरगुती बहीण फाल्कन चक्क दुसरी आली होती. दोन्ही बोल्टवर बसतात, कापाकापी शून्य. फक्त टॉवर आधीच झुकलेले असतील तर बार बसत नाही. मग आधी टॉवर बाहेर रेटून सरळ करून घ्यावे लागतात.

ब्रेक? पुढे अजून ड्रम असतील तर डिस्कचा खर्च नव्या स्प्रिंगच्याही आधी. घाट उतरताना कॅम्बर कामाला येत नाही.

राहिलं व्हील अलाइनमेंट, आणि निम्मे लोक इथंच माती खातात. फोर्डच्या जुन्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आज तुम्ही घालता रेडियल. त्यांना कॅस्टर जास्त लागतो, म्हणजे चाकाचा वरचा सांधा खालच्यापेक्षा थोडा मागे. त्यानं गाडी हायवेवर सरळ धावते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून जागेवर येतं. रस्त्यावरच्या गाडीला साधारण दोन ते तीन अंश पॉझिटिव्ह कॅस्टर, अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर आणि अगदी थोडा टो-इन. १९६६ च्या गाडीत कॅस्टर आणि कॅम्बर वरच्या आर्मच्या मागे पातळ चकत्या सरकवून जमवतात. वेळखाऊ काम आहे, त्यामुळे दुकानदार कुरकुरतो. मित्राला पहिल्या दुकानात सांगितलं, आम्ही कॉम्प्युटरमध्ये असतील तेच आकडे लावतो. मी म्हटलं, गाडी उचल आणि दुसरीकडे जा. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं आकड्यांचा कागद वाचला, गाडीखाली वाकून ती चार नवी भोकं पाहिली आणि चकत्यांचा डबा काढला.