कुरूप कापण्याची घाई

तळपायाला कडक, दुखरी गाठ आली की घरोघरी तिला ‘कुरूप’ म्हणतात आणि ‘मुळासकट कापून टाका’ हा सल्लाही लगेच मिळतो. पण कुरुपाला मूळ नसतेच. एकाच जागी सतत दाब आणि घर्षण झाल्याने तिथली कातडी जाड होते, तिचा टोकदार गाभा आत रुतू लागतो आणि पाऊल टेकवताना खडा टोचल्यासारखे वाटते. गाभा काढला आणि घट्ट चप्पल तीच राहिली, तर काही आठवड्यांत कुरूप परत हजर!

अनेकदा ते कुरूप नसून चामखीळ असते. ती ‘एचपीव्ही’ विषाणूमुळे होते. कुरूप सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ चिमटीत धरल्यावर अधिक दुखते. तिची वरची कातडी खरवडली की काळे ठिपके दिसतात. तेही मूळ नव्हे, रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्या असतात.

चामखिळीवर जालीम उपाय केला की ती लवकर जाते, असा समज आहे. ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींची चामखीळ दवाखान्यात द्रव नायट्रोजनने गोठवली, तर इतरांनी घरीच रोज सॅलिसिलिक आम्ल लावले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दोन्ही पक्षांना नम्र करणारे होते: १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले जेमतेम १४ टक्के. मुलांमध्ये तर बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात.

कापण्याची किंमत मात्र पायालाच मोजावी लागते. तळव्यावरच्या व्रणावर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार येतो. व्रणच दुखरा झाला, तर मूळ दुखणे बरे होते म्हणायची पाळी येते. म्हणून आधी सैल, मऊ तळाची पादत्राणे, कोमट पाण्यात पाय भिजवून हलके घासणे आणि थोडा धीर. हे सांगणाऱ्या डॉक्टरने ‘काहीच केले नाही’ असे रुग्णाला वाटते, ही त्यातली खरी अडचण.

मधुमेहींनी मात्र घरगुती प्रयोग करू नयेत. बधिर पायाला औषधी पट्टीतले आम्ल निरोगी कातडी जाळते तेही कळत नाही. ब्लेड तर नकोच. रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा पसरत जाणारी काळी खूणही थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. तिचा तुकडा तपासायला पाठवण्याचा निर्णय डॉक्टरांनी लवकर घ्यायला हवा.