किनाऱ्यावरचा माणूस

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हटले की आपल्याला लोणारचे सरोवर आठवते, पूर्णा आठवते, नाही तर मे महिन्यातला टँकर. तेव्हा रविवारच्या चहाबरोबर वाचकांपुढे जहाजांच्या ताफ्याचा कारभार मांडणे म्हणजे घाटावर होडी ओढत आणण्यासारखे वाटेल. पण खामगावच्या कापसाच्या गाठी एके काळी रेल्वेने मुंबईला आणि तेथून बोटीने विलायतेला जात. आज आपल्याकडची मुलेही बोटीवरच्या नोकरीसाठी घर सोडतात. शिवाय या कारभारात एक गोष्ट अशी आहे, जी जमिनीवरच्या आपल्याला अधिक हवी आहे.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या जुन्या माणसांना हे नाव आजही विसरता आलेले नाही. अशा वेळी दोष द्यायला आपल्याजवळ दोन नावे नेहमी तयार असतात: दैव आणि कप्तान. दैवाला समन्स काढता येत नाही. उरतो कप्तान.

पण बोट एकटा कप्तान चालवतो का? ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी आणि प्रवासी वाहून नेणारी बोट निघाली, तीच पुढचे दार उघडे ठेवून. दार लावायचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी झोपला होता. कप्तानाला आपल्या जागेवरून ते दार दिसत नव्हते. पाणी आत शिरले, काही मिनिटांत बोट कलंडली आणि १९३ माणसे गेली. चौकशीत निघालेली गोष्ट याहून भयंकर होती. दार लागले की नाही हे कळण्यासाठी कप्तानासमोर एक दिवा बसवा, अशी मागणी कंपनीच्या कप्तानांनी आधीच केली होती. कचेरीतल्या साहेबांनी ती थट्टेवारी नेली. झोपलेला खलाशी बोटीवर होता, पण झोपलेली कचेरी किनाऱ्यावर होती!

त्या धड्यातून १९९३ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आयएसएम संहिता स्वीकारली. १ जुलै १९९८ पासून ती प्रवासी बोटी, तेलवाहू जहाजे वगैरेंना आणि २००२ पासून इतर मोठ्या मालवाहू जहाजांनाही बंधनकारक झाली. तिच्यानुसार केवळ जहाजाला प्रमाणपत्र असून भागत नाही. ते चालवणाऱ्या कंपनीलाही वेगळे घ्यावे लागते आणि कंपनीची दरवर्षी तपासणी होते. सुरक्षेच्या बाबतीत अखेरचा शब्द कप्तानाचा, मग माल उशिरा पोहोचला तरी चालेल, असे त्यात लिहिले आहे. आणि सर्वांत मोलाचे कलम असे, की कंपनीने किनाऱ्यावर एक माणूस नेमलाच पाहिजे. त्याला थेट सर्वोच्च मालकाचे दार ठोठावता आले पाहिजे. बोटीवरची अडचण त्याच्यापर्यंत पोहोचली, की ‘आम्हाला कुणी सांगितलेच नाही’ ही सबब संपते.

मी बँकेत उभे आयुष्य काढले. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. यात कुणावर अविश्वास नसतो. एकट्या माणसाची घाई, झोप आणि भीड यांपासून तिजोरी वाचवायची असते. पण तपासनीस येणार म्हटल्यावर आदल्या रात्री पुऱ्या होणाऱ्या नोंदवह्याही मी पाहिल्या आहेत. बोटीवरही तेच. खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. पण ती नोंद जुळवून लिहिली जाते, ही खलाशांची जुनी तक्रार आहे. कागदी घोड्यांना समुद्रातही पोहता येते! म्हणून नियमाची खरी कसोटी फायलीत नाही. हाताखालच्या माणसाला वाईट बातमी वर कळवण्याची भीती वाटते का, यात ती आहे.

आता समुद्रावरून आपल्या जिल्ह्यात येऊ. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर आपण काय बोलत होतो? चालकाला डुलकी लागली होती का, टायर फुटला होता का. ते प्रश्न रास्तच होते. पण जो कुणी रात्रीची बस चालवतो त्याला आदल्या दिवशी किती झोप मिळाली याचा हिशेब कोण ठेवतो? ‘आज माझ्याने होणार नाही’ असे त्याने कुणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर त्याची रोजी शाबूत राहील का? हे प्रश्न क्वचितच कुणी विचारले.

बोटींच्या ताफ्याला जो नियम लागतो, तो गाड्यांच्या ताफ्याला का नसावा? दहा-वीस बस पळवणाऱ्या प्रत्येक मालकाने असा एक माणूस नेमावा आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक गाडीत प्रवाशांना दिसेल असा लावावा. त्याला फारसा खर्च येत नाही. येते ती अडचण, कारण मग जबाबदारीला नाव मिळते.

आणि आपणही थोडे बदलावे. मुलगा बोटीवर निघाला की आपण पगार विचारतो, लेकीला रात्रीच्या बसमध्ये बसवताना भाडे विचारतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: काही बिनसले तर, बाबांनो, तुमच्याकडे फोन उचलणारा माणूस कोण?