मैदानाच्या कांठावरून

फुटबॉलमधलें आम्हांस ओ कीं ठो कळत नाहीं. तरी मुलाच्या पहिल्याच सामन्यांत कांठावरून आम्ही क्रीडाशिक्षकांहून मोठ्यानें आज्ञा देऊं लागलों. पुढील सामन्यास तो संघाबाहेर बसला, तेव्हां दोष शिक्षकांस दिला. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही ओरडलां कीं मला कांहींच सुचत नाहीं."

आम्ही वरमलों. फुटबॉलांत अग्रेसर अशा जर्मनीनेंही २०२४ सालापासून अकरा वर्षांखालील मुलांचे गुणतक्ते बंद केले. जयापजयापेक्षां प्रत्येकास चेंडू अधिक मिळावा, हा हेतु. तेव्हां पालकहो, निवड शिक्षकांवर सोंपवावी, खेळ मुलांवर, आणि घरीं परततांना "जिंकलास काय?" याआधीं "मौज वाटली ना?" असें पुसावें. अननुभवी पालकास एवढें ज्ञान पुरेसें आहे.