क्यूब भरणाऱ्याला परवाना का नको?

घरात विजेची जोडणी करणाऱ्याला वायरमनचा परवाना लागतो. दुकानात औषध देणाऱ्याची 1948 च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी लागते. पण ज्या काँक्रीटवर पूल आणि सातमजली इमारती उभ्या राहतात, त्याचा नमुना घेणाऱ्याला आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. ठेकेदार म्हणाला, ‘जा रे, तीन क्यूब भर,’ की झाला तो टेक्निशियन!

विषय रुक्ष आहे, मान्य. पण बडोद्यातील आपली कितीतरी मुले डिप्लोमा करून अशाच लॅबमध्ये आणि साइटवर लागतात. त्यांना काय करावे लागते, ते पाहू. 150 मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात तीन थरांत काँक्रीट भरायचे, हाताने ठोकायचे तर प्रत्येक थराला निदान 35 ठोके. एक दिवस ओलाव्यात झाकून ठेवायचे, मग 27 अंशांच्या आसपासच्या पाण्यात, आणि 28 व्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडायचे. मे महिन्यात, 42 अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमधले पाणी 27 अंशांवर ठेवणे हेच एक काम आहे! क्यूब वाळवून दाबला तर ताकद जास्त दिसते. यंत्राचा दाब भराभर वाढवला तरी जास्त दिसते. उलट ठोकण्यात कसर झाली आणि आत पाच टक्के पोकळी राहिली, तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत घसरू शकते आणि प्रामाणिक ठेकेदाराचे बिल विनाकारण अडते.

लॅबला एनएबीएलची मान्यता असते ना, असे कोणी विचारेल. असते. पण ती लॅबला. अहवालात लिहिलेले असते की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. तो नमुना साइटवर कोणी आणि कशातून भरला, हे लॅबला कसे कळणार? क्यूबसाठी जास्त सिमेंटचा माल वेगळा कालवायचा, ही युक्ती साइटवरच्या माणसांना नवी नाही.

अहमदाबादचा हाटकेश्वर उड्डाणपूल 2017 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये बंद करावा लागला. पुलातूनच काढलेल्या नमुन्यांत काँक्रीट निकृष्ट निघाले, आणि 2023 मध्ये गुन्हा दाखल झाला. (2025 मध्ये कोसळलेल्या आपल्या गंभीरा पुलाची गोष्ट निराळी; तो जुना होता, तिथे प्रश्न देखभालीचा.) काँक्रीट ओले असताना जे कळायला हवे होते, ते पाच वर्षांनी कळले.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट साइटवरच्या टेक्निशियनची लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा घेते. प्रमाणपत्र पाच वर्षांपुरतेच. ताज्या काँक्रीटची चाचणी प्रमाणित माणसानेच करावी, असे त्या संस्थेच्या संहितेत आहे. आपल्याकडेही कौशल्य विकासाच्या योजनेत या कामाचा अभ्यासक्रम आहे. सक्ती मात्र नाही.

आमची मागणी एवढीच, की महापालिकेने आपल्या कामांच्या निविदांत ही अट घालावी: नमुना प्रमाणित टेक्निशियननेच घ्यावा आणि त्याचा पगार ठेकेदाराच्या हातात नसावा. दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला ते जाण्याची धास्ती असते. म्हणूनच ‘साहेब, हा क्यूब मी भरणार नाही’ असे म्हणायला त्याला आधार मिळतो. आज असे म्हणणारा पोरगा दुसऱ्या दिवशी घरी बसतो.

यावर आमच्यातही मतभेद झाले. आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक फी, आणखी एक दलाल, असे काहींचे म्हणणे. ते खोटे नाही. वीस वर्षे क्यूब भरणाऱ्या, पण डिप्लोमा नसलेल्या माणसाला घरी पाठवणारा नियम आम्हांला नको. परीक्षा हाताच्या कामाची असावी, गुजराती आणि हिंदीतून असावी, फी मालकाने भरावी. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले, ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. आज त्याच जागी विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. परीक्षा तिथे का होऊ नये?

वॉर्डात मते मागायला येणाऱ्यांना हे विचारायचे ठरले आहे. निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. साइटवर काम करणाऱ्यांनी तो आधी वाचून चुका दाखवाव्यात. सह्या त्यानंतर घेऊ.