रोज कुठे वाजवतेस?

परवा कुरिअरवाला एक पाकीट देऊन गेला. तळहाताएवढं, चपटं, हलकं. जाऊबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि किंमत वाचली. एक हजार चारशे रुपये. आत काय, तर सहा तारा!

"तू काय रोज वाजयतंस गो? मगे इतक्यो म्हाग तारो कित्याक?"

विचारण्यात खोच नव्हती. घरात चौदाशे रुपयांचं काय काय येतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी म्हटलं, "रोज वाजवत नाही, म्हणूनच." त्यांना ते उलट उत्तर वाटलं असणार. कारण पुढचा अर्धा तास त्या माझ्याशी फक्त तांदळातल्या खड्यांबद्दल बोलल्या. पण मी चिडून बोलले नव्हते, ते खरंच कारण आहे. ते त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे. पाच वर्षांपूर्वी, पन्नाशी दिसायला लागली तेव्हा, मी ती भाच्याकडून विकत घेतली. विकत घेतली, फुकट नाही, हे मुद्दाम सांगते. मोबाईलवरचे व्हिडीओ बघत शिकले. शाळेची नोकरी, घर, आंब्याच्या दिवसांत पाहुणे, मग पेपर तपासणी, मग गणपती. कधी आठवड्यातून तीनदा वाजवते, तर कधी तीन-तीन आठवडे हात लागत नाही. तुमच्यापैकी जिला काही शिकायची हौस आहे तिचं वेळापत्रक फार वेगळं नसेल.

पहिल्याच वर्षी गणपती विसर्जनानंतर गिटार खोलीतून काढली. वाजवून बघते तर बोटांची टोकं तांबूस-काळी. बारीक तारा घासणीसारख्या खरखरीत. जाड तारांचा आवाज फुटक्या मडक्यासारखा बद्द. सूर जुळवला तरी वरच्या पट्ट्यांवर बेसूर. आठ दिवस तशीच झगडले आणि मग स्वतःशीच म्हटलं, हात गेला आपला. या वयात हे व्हायचंच. आपल्याला कुठे असलं जमायचं? गिटार परत पिशवीत घालून ठेवली.

दिवाळीला भाचा आला. त्याने पिशवी उघडली, हसला आणि म्हणाला, "मावशी, तारा मेल्यात गं." तासाभरात त्याने सेट बदलून दिला, आणि माझा गेलेला हात परत आला! आनंद झालाच, पण रागही आला. दोन महिने मी स्वतःला दोष देत होते आणि दोष होता गंजाचा.

आपला समुद्रकाठ. इथे खिडकीचे गज, सायकलची साखळी, शिवणयंत्राची सुई काही सुटत नाही, तर तारा कशा सुटतील? इलेक्ट्रिक गिटारच्या बारीक तीन तारा म्हणजे नुसती पोलादी तार. जाड तीन तारांमध्ये आत पोलादाचा गाभा आणि त्यावर दुसरी तार गच्च गुंडाळलेली असते, बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेली. त्या वेटोळ्यांच्या फटींत बोटांचा घाम, मळ, मृत त्वचा जाऊन बसते. मळ भरला की तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. त्यामुळे चमक जाते आणि सूरही चुकतो. हाताचाही फरक असतो. एखादीच्या गळ्यातलं एक ग्रॅमचं मंगळसूत्र महिन्यात काळं पडतं, दुसरीचं वर्षभर लखलखतं. दोघी एकाच दुकानातून घेतात. तारांचंही अगदी तसंच आहे. आणि माझा हात, काय सांगू, पहिल्या जातीचा!

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. जो रोज दोन-तीन तास वाजवतो त्याच्या तारा झिजून संपतात. खालच्या पट्ट्यांवर आपटून त्यांना खाचा पडतात, ताणून ताणून त्या तुटतात. जी कधीमधी वाजवते तिच्या तारा झिजतच नाहीत, त्या पडून पडून गंजतात. बाजारात ज्या 'कोटेड', म्हणजे वरून पातळ थर दिलेल्या तारा मिळतात, त्यांचा थर काम करतो तो घाम, मळ आणि दमट हवा यांच्याविरुद्ध. झिजेविरुद्ध त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे त्या महाग तारांची खरी गरज कोणाला? जिला रोज वेळ मिळत नाही तिलाच. आपल्याकडे हिशेब नेमका उलटा केला जातो.

माझ्या मैत्रिणीची लेक सोलापूरला असते. कोरडी हवा, कॉलेजच्या ग्रुपमध्ये रोज वाजवते, पहिली तार महिन्यात एकदा तरी तोडते. तिने विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, बाई गं, तू साध्याच घे, आणि पहिली तार सुटी मिळते तिच्या दोन-तीन घेऊन ठेव. महाग ते सगळ्यांना चांगलं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

हा थर असतो तरी कसला, ते कळल्यावर मला गंमत वाटली. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तो टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, त्याचाच हा भाऊबंद. टेफ्लॉनचा शोध १९३८चा. अमेरिकेत डेलावेअरमध्ये बिल आणि व्हिव्ह गोर या नवराबायकोंनी १९५८ मध्ये आपल्या घराच्या तळघरात याच पदार्थावर व्यवसाय सुरू केला. त्यांच्या मुलाला, बॉबला, १९६९ मध्ये असं आढळलं की तापवलेला पीटीएफई झटका देऊन ताणला की तो तुटत नाही, उलट सच्छिद्र, हलका आणि मजबूत होतो. त्याचंच पुढे पावसाळी जाकिटांचं गोरटेक्स कापड झालं, शस्त्रक्रियेत वापरायच्या कृत्रिम रक्तवाहिन्या झाल्या. आणि १९९०च्या दशकात त्याच कंपनीतल्या एका इंजिनिअरने सायकलच्या केबलला हा थर देऊन बघता बघता गिटारच्या तारेचा विचार केला. त्या तारा 'एलिक्सर' नावाने बाजारात आल्या. तवा, जाकीट, रक्तवाहिनी, सायकल आणि गिटार, सगळं एका घरचं!

घ्यायला जाल तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे पाकिटावर 'इलेक्ट्रिक' लिहिलंय ना, ते स्वतः वाचा. मी पहिल्यांदा मागवल्या तेव्हा दुकानदाराने साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारच्या तारा पाठवल्या. सोनेरी, दिसायला फार सुरेख. मीही बसवल्या. बारीक तारा ठणठणीत वाजतायत आणि जाड तारा कुजबुजतायत! इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात लोहचुंबकाचे पिकअप असतात, ते पोलाद आणि निकेल ओळखतात. अकूस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझ गुंडाळलेलं असतं आणि चुंबकाच्या लेखी ब्राँझ नसल्यासारखंच. त्यामुळे आतला बारीक गाभा तेवढा बोलतो. पाकीट फोडलेलं, परत कोण घेणार? पैसे गेले.

दुसरी गोष्ट जाडी. दुकानात 'नऊचा सेट', 'दहाचा सेट' म्हणतात. नऊ म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. नऊचा नेहमीचा सेट ९ ते ४२, दहाचा १० ते ४६. मी नऊचा वापरते. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, खरे वाजवणारे दहा-अकराच घेतात." असतीलही. पण झीझी टॉपचे बिली गिबन्स चक्क सातची तार वापरतात. जाड तारांवर उगाच इतके कष्ट कशाला, हे आपल्याला बी. बी. किंग यांनी शिकवलं, असं ते स्वतः सांगतात. तेव्हा बोटं दुखत असतील तर बारीक तार घ्या आणि मुकाट्याने वाजवा. जाड तारेने कोणी मोठं होत नाही.

तिसरी गोष्ट थराची, आणि इथे थोडं चोखंदळ व्हावं लागतं. काही तारांमध्ये वरून गुंडाळायच्या तारेला आधीच थर देतात आणि मग ती गुंडाळतात. काहींमध्ये तार पूर्ण तयार झाल्यावर सगळ्यावरून थर चढवतात, म्हणजे फटीही झाकल्या जातात. माझ्यासारख्या घामट हाताला दुसरा प्रकार मानवला. थराच्या जाडीतही फरक आहे. एलिक्सरमध्येच तीन प्रकार आहेत. 'पॉलीवेब' सर्वांत जाड, बोटाला गुळगुळीत, आवाज जरा मऊ. 'नॅनोवेब' त्याहून पातळ, आवाज उजळ. 'ऑप्टिवेब' सर्वांत पातळ, हाताला जवळजवळ साध्या तारेसारखा. माझी निवड नॅनोवेब. पहिले दोन दिवस बोट घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते. डॅडारिओच्या 'एक्सएस'ही पातळ थराच्या आणि चांगल्या आहेत. फक्त बारीक तीन तारांनाही गंजापासून काही संरक्षण दिलंय का, हे पाकिटावर बघायला विसरू नका. आधी गंजतात त्या त्याच.

खोटं कशाला बोलू, या तारांचे तोटेही आहेत. कोऱ्या साध्या तारेचा पहिल्या दिवसाचा टणत्कार यांत थोडा कमी असतो. नॉनस्टिक तव्यावर स्टीलचा कालथा चालवला की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. तसंच जिथे पिक लागतं तिथे काही महिन्यांनी थर उसवतो, पांढरट कुसळं निघतात. ती ओढत बसू नये. दिसायला वाईट दिसतं, वाजायला लगेच बिघडत नाही. आणि तार तुटायची असेल तर थर असून तुटते. त्यात पहिली तार तुटली की जीव जास्तच हळहळतो, म्हणून तिची एक सुटी मी नेहमी डब्यात ठेवते. वाजवायच्या आधी हात धुणं आणि वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसणं, एवढं मात्र कोणत्याही तारेला करावंच लागतं.

आता हिशेब. साधा सेट मला सहाशेच्या आसपास पडतो आणि पावसाळ्यात महिना-सव्वा महिन्यात संपतो. कोट केलेला सेट मी गेल्या वर्षी पाडव्याला बसवला तो दसऱ्यापर्यंत चालला. तेवढ्या काळात साधे चार सेट तरी लागले असते. चोवीसशेच्या जागी चौदाशे. रात्री हे मी वहीत मांडून जाऊबाईंना दाखवलं. त्यांना एकदम पटलं. "मगे आधी सांगूचा नाय?" म्हणाल्या.

पण त्यांना पटल्यावर मलाच कसंतरी झालं. बचत होते म्हणून परवानगी मिळाली! समजा बचत झाली नसती तर? यांच्या मोटारसायकलचं ऑइल, चेन, सर्व्हिसिंग, यांचा हिशेब वहीत मांडून कोणी कोणाला दाखवत नाही. गाडी रोज चालते ना, तिला लागणारच! बाईच्या हौसेची वस्तू आपण घेतो बरं का, कौतुकाने घेतो. वाढदिवसाला, दहावीच्या मार्कांना. तिला पुढे दर वर्षी काही लागतं, हे मात्र कोणाच्या गावी नसतं. किती घरांत बघितलंय, हार्मोनियमचा भाता फाटलेला, तानपुऱ्याची तार तुटलेली, शिवणयंत्राचा पट्टा गेलेला. आणि वर शेरा, "तिनेच सोडलं हो, आरंभशूर आहे." तिने सोडलं की पट्टा तुटला म्हणून सुटलं, हे कोण विचारतो? माझ्याच शाळेतल्या एक बाई परवा सांगत होत्या, मुलीने अकरावीत हट्टाने गिटार घेतली आणि आता बघतही नाही. मी विचारलं, तारा कधी बदलल्या? त्या म्हणाल्या, तारा बदलायच्या असतात? त्यांना म्हटलं, मुलीची आवड संपली असं ठरवायच्या आधी सहा तारा बदलून तर बघा.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढीशी तार आणि केवढं पुराण. म्हणोत. मी दोन महिने 'हात गेला' म्हणून बसले होते, त्या दोन महिन्यांची किंमत कोणत्याच वहीत नाही. पुढच्या वेळी मी हिशेब दाखवणार नाही असं ठरवलंय. जमेल की नाही, बघू. वर्षानुवर्षांची सवय आहे.

रविवारी दुपारी नवा सेट बसवला. जुन्या तारा गुंडाळून टाकायला निघाले तर जाऊबाईंनी हात पुढे केला. पडवळाचा मांडव बांधायला त्यांना हव्या होत्या. आता परसात त्या तारांवर वेल चढतोय आणि त्या रोज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "गंजाक नाय पावसात, म्हाग हत तारो त्यो."